केसपेपरच्या खिडकीपाशी

महाविद्यालयात प्रवेश घेताना शुल्काची जी पावती मिळते, ती फार थोडे विद्यार्थी नीट वाचतात. ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, ओळखपत्र अशा ओळींच्या गर्दीत अनेक पावत्यांवर आणखी एक ओळ असते : वैद्यकीय तपासणी. रक्कम किरकोळ असते. मग सत्रात एखाद्या दिवशी प्रथम वर्षाच्या मुलामुलींची रांग लागते. उंची-वजन घेतात, डोळे आणि दात पाहतात, ‘काही त्रास?’ असे विचारतात. मागे चाळीस जण उभे असल्यामुळे ‘काही नाही’ असे उत्तर येते आणि तक्ता कपाटात जातो.

खरोखर काही त्रास असेल तर तो मागे चाळीस जण उभे असताना कोणी सांगणार नाही, हे कळायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. पण पुढची तीन वर्षे त्या मुलाने कोठे जावे, कोणाला काय सांगावे, सांगितले तर ते घरी कळेल का, हे त्याला कोणीच सांगत नाही. बँकेची स्लिप भरणे, शिष्यवृत्तीचा अर्ज करणे या गोष्टी शिकाव्या लागतात हे आपण मान्य करतो. दवाखाना वापरणे हीदेखील शिकण्याची गोष्ट आहे. शिक्षकाने मनावर घेतले तर ती दोन तासिकांत शिकवता येते, असे आम्हांला वाटते. उदाहरणासाठी आम्ही मलकापूर घेतले आहे.

हे मलकापूर कोल्हापूर जिल्ह्यातले. बुलढाण्याचे नव्हे आणि कराडशेजारचेही नव्हे. शाहूवाडी तालुक्यातले हे छोटे नगरपरिषदेचे गाव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे. एका बाजूला बांबवड्यावरून कोल्हापूर, दुसऱ्या बाजूला आंबा घाट आणि घाट उतरला की कोकण. मुलूख डोंगराळ, पाऊस भरपूर, वाड्या दूरदूर. अनेक घरांतले एखादे माणूस मुंबईला नोकरीला. बाजार, एस.टी. स्थानक, महाविद्यालय आणि ग्रामीण रुग्णालय यांसाठी आसपासच्या वाड्यांना मलकापूरच जवळचे. अकरावीपासून पदवीपर्यंतची मुले सकाळच्या गाडीने येतात आणि दुपारच्या गाडीने परततात. महाराष्ट्रातल्या शेकडो तालुक्यांच्या गावांचे चित्र याहून फार वेगळे नाही. म्हणून येथे जे लागू पडते ते बहुतेक ठिकाणी लागू पडेल. पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयांत आवारातच समुपदेशकाची खोली असते. त्यांच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत.

समजा, आंब्याच्या बाजूच्या एका वाडीवरून येणारी द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. चार महिने झाले, तिला सतत थकवा वाटतो, डोके दुखते, वाचलेले लक्षात राहत नाही, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येत नाही. घरचे म्हणतात, मोबाइलमुळे. वर्गात शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. मैत्रिणी म्हणतात, नजर लागली. ती स्वतः काहीच म्हणत नाही. शेवटी आई तिला गावातल्या दवाखान्यात नेते आणि तेथे सलाइन लावली जाते.

या सलाइनपाशी थोडे थांबणे भाग आहे, कारण आपल्याकडे अशक्तपणावरचा सर्वांत लोकप्रिय उपाय तोच आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाच टक्के ग्लुकोज असेल तर एकूण ग्लुकोज पंचवीस ग्रॅम, म्हणजे साधारण पाच चमचे साखर. त्यातून मिळणारे उष्मांक शंभराच्या आत. एका केळ्यातून तेवढेच मिळतात. मिठाची सलाइन असेल तर अर्ध्या लिटरमध्ये साडेचार ग्रॅम मीठ. काही वेळा तीत ब जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिसळतात, मग ती पिवळी दिसते आणि ‘ताकदीची’ ठरते. जुलाब-उलट्यांनी शरीर कोरडे पडले असेल, रक्तस्राव झाला असेल, तोंडाने काही घेता येत नसेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण चार महिन्यांच्या थकव्याचे कारण ती शोधत नाही. दोन दिवस बरे वाटते, कारण कोणीतरी आपल्याकडे लक्ष दिले, तासभर पडून राहायला मिळाले, आई उशाशी बसली. यातला गुण बाटलीचा नव्हे, उशाशी बसण्याचा आहे, आणि तो खराही आहे.

थकव्याचे कारण शोधायचे तर पहिली तपासणी हिमोग्लोबिनची. प्रौढ स्त्रीमध्ये दर शंभर मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषात १३ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असले तर त्याला रक्तक्षय म्हणतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. वर्गातल्या दहा मुलींपैकी सहा! गंमत अशी की, ही तपासणी आपल्या महाविद्यालयांत दरवर्षी होते. फक्त कोणी तिला तपासणी म्हणत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या रक्तदान शिबिरात बोटाला टोचून थेंब पाहतात आणि हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅमहून कमी असेल तर ‘तुमचे रक्त चालणार नाही’ असे सांगतात. मुलगी ओशाळून बाजूला होते. किती बाटल्या जमल्या याची बातमी वर्तमानपत्रात येते. किती मुली परत गेल्या आणि त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कोठेच राहत नाही. शिबिराच्या टेबलाशेजारी दुसरे टेबल मांडून परतणाऱ्या प्रत्येकीला ‘सोमवारी ग्रामीण रुग्णालयात ये’ अशी चिठ्ठी दिली, तर त्या शिबिराचे पुण्य दुप्पट होईल.

रुग्णालयात गेल्यावर काय होते? १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा द्यायची लोहाची निळी गोळी शाळेतून परिचयाची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह असते. पण ती रक्तक्षय होऊ नये म्हणून. तो झालाच असेल तर डॉक्टर रोजची मात्रा ठरवतात, जंतांचा विचार करतात, पाळीत जास्त रक्तस्राव होतो का हे विचारतात. गोळी चहाबरोबर घेतली तर चहातल्या टॅनिनमुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाने शोषण वाढते. शौचाला काळी होते म्हणून घाबरून अनेक मुली गोळ्या सोडून देतात. एवढी एक गोष्ट आधी सांगून ठेवली तर बऱ्याच जणी सोडणार नाहीत.

आता समजा, हिमोग्लोबिन ठीक निघाले. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंद झाली की थकवा, उदासी आणि विसराळूपणा येतो, म्हणून डॉक्टरांना गरज वाटली तर तीही तपासणी करतात. तीही ठीक निघाली. मग ‘काही झालेले नाही’ असे म्हणून मुलीला घरी पाठवायचे का? येथेच बहुतेक वेळा गाडी चुकते. रक्तात दोष नाही याचा अर्थ त्रास नाही असा होत नाही.

मनावरचा ताण शरीरात कसा उतरतो हे जीवशास्त्राच्या तासाला सहज सांगता येण्यासारखे आहे. मेंदूने धोका ओळखला की वृक्कांच्या डोक्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटते. हृदय जोरात चालते, पचनसंस्थेकडचे रक्त स्नायूंकडे वळते, हात घामेजतात. समोर वाघ असेल तर ही तयारी उत्तम. समोर प्रश्नपत्रिका असेल तर नुसते पोट बिघडते. आतड्याच्या भिंतीत स्वतःच्या कोट्यवधी चेतापेशी असतात आणि त्यांचा मेंदूशी सतत संवाद चालतो, म्हणून ‘पोटात गोळा आला’ हा वाक्प्रचार शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही वाईट नाही. ताण महिनोन्‌महिने टिकला की मग झोप, भूक, पाळी, स्मरण सगळ्यांची घडी विस्कटते.

परीक्षेच्या सभागृहात मुलगी अचानक धापा टाकू लागते, बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. हे दृश्य पर्यवेक्षकांना नवे नाही. लगेच कोणी कांदा आणतो, कोणी चप्पल हुंगवतो, कोणी ‘नाटक करते’ म्हणतो. घडते ते असे : भीतीमुळे श्वास जलद होतो आणि कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो. तो कमी झाला की रक्त थोडे अल्कधर्मी होते. त्यामुळे रक्तातले मोकळे कॅल्शियम प्रथिनांना अधिक चिकटते, मोकळे कॅल्शियम घटते आणि चेता व स्नायू विनाकारण उत्तेजित होतात. म्हणून मुंग्या, म्हणून आखडलेली बोटे. कोणालाही ही अवस्था मुद्दाम आणता येते म्हणून ती नाटक ठरत नाही. त्या मुलीने ती आणलेली नसते. शेजारी बसून सावकाश श्वास सोडायला लावला, गर्दी हटवली, की बहुधा काही मिनिटांत उतार पडतो. मात्र पहिल्यांदाच असे झाले असेल, शुद्ध हरपली असेल किंवा दमा, फिट, हृदयविकार यांची शंका असेल तर आपण निदान करत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

तर अशा मुलीला ज्याची गरज आहे त्याला आपण समुपदेशन म्हणतो. शब्द आम्हांला फारसा पसंत नाही. त्यात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि ऐकणाऱ्याला तेवढाच ऐकू येतो. उपदेश तर मुलांना घरी, शाळेत, कीर्तनात, निरोपसमारंभात भरपूर मिळतो. समुपदेशकाच्या खोलीत जे होते ते जवळजवळ उलटे असते. पहिल्या भेटीत तो अर्धा-पाऊण तास बहुतांशी ऐकतो. त्रास केव्हापासून, केव्हा वाढतो, केव्हा कमी होतो, झोप किती, घरी कोण, जिवावर उदार होण्याचे विचार येतात का, असे प्रश्न विचारतो. मग दोघे मिळून गुंता सोडवायला घेतात. फी भरायची आहे, वडिलांशी बोलणे होत नाही, दोन विषय राहिले आहेत, लग्नाची बोलणी चालली आहेत : हा सगळा एकच ढीग वाटत असतो, तो वेगवेगळा मांडला की त्यातले एक-दोन धागे हाती लागतात. पुढच्या भेटीपर्यंत काहीतरी करून यायचे असते.

हे नुसते बोलणे उपयोगी पडते याला पुरावा काय, असे विज्ञानाच्या शिक्षकाने विचारायलाच हवे. पुरावा जवळचाच आहे, गोव्याचा. तेथील ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्यकेंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांवर एक चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६-१७ मध्ये प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यकेंद्रातली नेहमीची सेवा, थोडी सुधारून. दुसऱ्याला त्याशिवाय सहा ते आठ भेटींचे समुपदेशन. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे नैराश्य ओसरले होते, दुसऱ्या गटात ३९ टक्के लोकांचे. विशेष असे की, समुपदेशक मनोविकारतज्ज्ञ नव्हते. त्याच भागातली, थोडे प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. त्यांची पद्धतही सोपी. उदास माणूस अंथरुणात राहतो, कामे सोडतो, माणसे टाळतो. त्यामुळे आनंदाचे प्रसंगच कमी होतात आणि उदासी वाढते. हे चाक फिरते ते ‘बरे वाटले की उठेन’ या वाक्यावर. समुपदेशक ते वाक्य उलटे करायला लावतो : आधी थोडे उठायचे, दिवसात एक ठरलेले काम करायचे, मग बरे वाटते का ते वहीत लिहायचे. ३९ टक्के लोक समुपदेशनाशिवायही सुधारले, हेही विसरू नये. आणि ज्यांना तेवढ्याने बरे वाटत नाही त्यांच्यासाठी मनोविकारतज्ज्ञ आणि औषधे आहेत. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवस घेऊन सोडणाऱ्याला त्यांचा उपयोग कधीच कळत नाही.

आता मलकापुरात दार कोठे आहे ते पाहू. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ च्या जानेवारीत सुरू झाला. त्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत वेगळी, मैत्रीपूर्ण सेवा असावी अशी योजना आहे. महाराष्ट्रात तिला ‘मैत्री क्लिनिक’ म्हणतात. म्हणजे अकरावी-बारावीची सगळी आणि पदवीची बरीच मुले तीत बसतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह उपचार विनामूल्य झाले आहेत. खिशात पैसे नाहीत ही अडचण त्यामुळे उरत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून टप्प्याटप्प्याने आला. त्याचे पथक कोणत्या दिवशी कोठे असते हे रुग्णालयातच विचारावे, कारण दिवस बदलतात. मोठी गरज पडली तर कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘सी.पी.आर.’, आहे. आणि कोठेच जाता येत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. आधी समुपदेशक बोलतो, गरज असेल तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. घरात एकच मोबाइल असेल तर केलेल्या फोनची नोंद त्यात राहते, हे मात्र मुलांना सांगून ठेवावे. मैत्रिणीच्या फोनवरून किंवा महाविद्यालयातून फोन करता येतो.

एवढे सगळे असूनही मुले जात नाहीत. कारण छोट्या गावात रुग्णालय दूर नसते. ते फार जवळ असते. खिडकीत बसलेला मावशीचा शेजारी असतो. बाकावर गल्लीतल्या काकू असतात. ‘काय होतंय?’ हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो. त्यात मनाच्या डॉक्टरकडे जायचे म्हटले की पुण्यात येरवडा, मुंबईत ठाणे यांची नावे जशी चेष्टेत घेतली जातात, तशी या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला रत्नागिरीचे मनोरुग्णालय आहेच. त्या रुग्णालयात माणसे बरी होतात. चेष्टेत ते येत नाही.

मुलग्यांची अडचण आणखी वेगळी. त्यांना प्रश्न असतात ते बहुधा लैंगिक आरोग्याचे, आणि त्यांची उत्तरे देणारे एस.टी. स्थानकांबाहेरच्या भिंतींवर ‘निराश होऊ नका’ असे रंगवून बसलेले असतात. स्वप्नावस्थेत वीर्य गेल्याने ताकद जाते, रक्ताच्या शंभर थेंबांचा एक थेंब होतो, या समजुतीला शरीरशास्त्रात काहीही आधार नाही. वीर्य रक्तापासून आटवून होत नाही. शुक्रपेशी वृषणांत तयार होतात, बाकीचा द्रव इतर ग्रंथींत, आणि ते काम अखंड चालते. पण ही धास्ती खरी असते. तिच्यापायी झोप उडते, वजन घटते. भारतीय मनोविकारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला ‘धात सिंड्रोम’ असे नाव दिले. त्याच्या कितीतरी आधी र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, चालवले. वाचक पत्राने असले प्रश्न विचारीत आणि कर्वे स्पष्ट उत्तरे देत. तोंडाने विचारायला लाज वाटते, कागदावर वाटत नाही, हे तेव्हाही खरे होते. वर्गात एक बंद पेटी ठेवून बिननावी चिठ्ठ्या मागवल्या तर आजही ती भरते. उत्तरे ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांना बोलावून द्यावीत. त्या निमित्ताने डॉक्टरांचा चेहरा ओळखीचा होतो, आणि खिडकीपर्यंत जायला तेवढे पुरते.

‘घरी कळेल का?’ या प्रश्नाला शिक्षकाने नेमके उत्तर दिले पाहिजे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याने मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क दिला आणि माहिती गुप्त ठेवण्याचाही. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याचे बोलणे त्याच्या संमतीशिवाय घरी किंवा प्राचार्यांना सांगितले जाऊ नये. अपवाद आहेत : त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाने मागितले असेल, वगैरे. अठराच्या आतील मुलांबाबत उपचाराच्या निर्णयात पालक येतात. शिवाय लैंगिक अत्याचाराची गोष्ट समोर आली तर २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शिक्षकालाही आणि समुपदेशकालाही. म्हणून ‘तू सांग, मी कोणालाही सांगणार नाही’ असे वचन अकरावीतल्या मुलीला कधी देऊ नये. ‘जिवाला धोका असेल किंवा कायद्याने सांगावेच लागेल, तर आधी तुला सांगून मग पुढे बोलेन’ असे म्हणावे. वचन मोडण्यापेक्षा ते लहान देणे बरे.

महाविद्यालयांवरची जबाबदारीही आता ऐच्छिक राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लावावेत, असे त्यांत आहे. मलकापूरसारख्या ठिकाणी पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ मिळणे कठीण जाईल हे उघड आहे. एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे ‘समुपदेशन समिती प्रमुख’ लिहून कागद पुरा करण्याचा मोह होईल. त्यापेक्षा आठवड्यातून एक दिवस कोल्हापूरहून येणारा माणूस बरा. जो अंतर्गत गुण देतो, त्याच्यापुढे मन मोकळे करणे मुलाला सोपे नसते.

शेवटी एका शब्दाविषयी. आपल्या खेड्यांत औषध म्हणजे दवाखान्यातले आणि औषध म्हणजे पिकावर मारायचेही. ‘तिने औषध घेतले’ आणि ‘तिने औषध प्यायले’ या दोन वाक्यांत जीवन-मरणाचे अंतर आहे, आणि ती बाटली अनेक घरांत माळ्यावर किंवा दाराआड उघडी असते. जीव देण्याचा आवेग बहुतेकदा थोडा वेळ टिकतो. त्या वेळात साधन हाताशी नसेल तर पुष्कळ जण वाचतात आणि नंतर जगतात. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली. १९९५ नंतरच्या दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. माणसांची दुःखे काही सत्तर टक्क्यांनी घटली नसणार. म्हणून पालकसभेत हजेरी आणि गुणांबरोबर कुलपाच्या पेटीचाही विषय काढावा. शेतीची औषधे कुलपात, किल्ली एकाकडे.

आणि एखाद्या मुलाविषयी शंका आली तर ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने नसलेला विचार मनात भरतो, ही भीती संशोधनाने खोटी ठरवली आहे. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये. रुग्णालयात बरोबर जावे. प्रयत्न करून वाचलेल्या मुलाच्या घरी पोलिसांची धास्ती असते. जुन्या दंडविधानातल्या ३०९ कलमानुसार असा प्रयत्न गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते सर्वसाधारण कलम राहिलेले नाही. उपचार लपवण्याचे कारण नाही.

राहिली ती खिडकी. तिची तालीम वर्गात करून घेता येते, नाटुकल्यासारखी. केसपेपरसाठी नाव, वय, गाव पुरते. ‘काय होतंय?’ असे कोणी विचारले तर ‘डॉक्टरांनाच सांगते’ हे वाक्य उद्धट नाही, हे मुलींकडून चार वेळा म्हणवून घ्यावे. डॉक्टरांसमोर सुरुवात कशी करायची? ‘चार महिने झोप नाही, अभ्यास होत नाही, बोलायला कोणी हवे आहे’ : एवढी तीन तुकड्यांची ओळ कागदावर लिहून नेली तरी चालते. पहिल्या वेळी मैत्रिणीला बरोबर न्यावे. बाह्यरुग्ण विभागाची सकाळची वेळ आणि तासिका यांची टक्कर होते, म्हणून त्या दिवसाची हजेरी कारण न विचारता माफ करावी.

मदतीचे क्रमांक, मैत्री क्लिनिकचा वार, खोली आणि परतीच्या गाडीची वेळ एका कागदावर लिहून दर जूनमध्ये तो बदलावा. कार्यालयाबाहेरच्या फलकावर तो लावायलाच हवा. पण तेथे उभे राहून तो वाचण्याचे धैर्य फार थोड्यांना होईल. एक प्रत स्वच्छतागृहाच्या दाराला, आतल्या बाजूने चिकटवावी.